९१५चे मोड्यूल, ऐरोलीची गच्ची आणि प्रायोगिक लायसन्स

आधी प्रश्न दोन ओळींत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रबाळे एमआयडीसीत तिघा मित्रांनी गाळा घेतला आहे. नवी मुंबईतले धारण तलाव आणि नाले यांच्या पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा ते बनवत आहेत. त्यासाठी लोराचे (कमी पॉवरमध्ये थोडासा डेटा लांबवर पाठवणारे रेडिओ तंत्र) ९१५ मेगाहर्ट्झचे मोड्यूल आणले आहेत. शिवाय एसडीआर (सॉफ्टवेअरने हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारा रेडिओ) बोर्डावर ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःची लिंक तयार करून रबाळ्याहून ऐरोलीतल्या एका गच्चीवर टाकून बघायची आहे, कारण खालची फ्रिक्वेन्सी तिवरांमधून चांगली जाईल असा त्यांचा अंदाज आहे. विचारणा अशी, की दहा मिनिटांच्या कमी पॉवरच्या चाचणीला दिल्लीची परवानगी खरोखर लागते का? अमेरिकेतला भाऊ म्हणतो की तिकडे हे काम सोपे आहे.

विषय मोलाचा आहे. भरतीच्या पाण्याखाली जाईल अशा जमिनीवर हे शहर वसले आहे आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर सगळा भार धारण तलावांवर येतो. तिथली पातळी वेळेवर कळली पाहिजे. म्हणूनच सविस्तर लिहितो आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत. पहिल्याला लायसन्स लागत नाही, फक्त मोड्यूल बदलावे लागतील. दुसऱ्याला लायसन्स लागतेच, चाचणी दहा मिनिटांची असो की दहा महिन्यांची.

लोराचे आधी बघू. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अमेरिकेत खुला आहे, कारण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या वाटणीत दोन्ही अमेरिका खंड दुसऱ्या विभागात येतात आणि हा पट्टा त्याच विभागापुरता औद्योगिक व वैज्ञानिक वापरासाठी ठेवलेला आहे. भारत तिसऱ्या विभागात आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ या भागात मोबाइल फोन टॉवरकडे बोलतात. म्हणजे तुमचे मोड्यूल ९०३ वर पाठवू लागले, तर समोरच्या टॉवरच्या रिसीव्हरमध्येच घुसते. लांबच्या फोनचा क्षीण सिग्नल ऐकण्यासाठी तो रिसीव्हर अतिशय संवेदनशील ठेवलेला असतो, त्यामुळे 'माझी पॉवर कमी आहे' हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. तुमच्या गच्चीपासून टॉवर दोनशे मीटरवर असेल आणि त्याचा ग्राहक दोन किलोमीटरवर.

आपला खुला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. २००५मध्ये ८६५ ते ८६७ लायसन्समुक्त झाला आणि २०२१च्या नियमांनी तो ८६८पर्यंत वाढला. ट्रान्समीटरची पॉवर जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासकट प्रभावी पॉवर ४ वॅट, आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ. या शेवटच्या अटीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. लोरात १२५ किलोहर्ट्झची सेटिंग त्यात बसते. २५० आणि ५०० बसत नाहीत, सॉफ्टवेअर लायब्ररीत दिसतात म्हणून ती निवडू नका. युरोपसाठीच्या मोड्यूलमध्येही अडचण आहे. त्यांचे ठरावीक चॅनेल ८६८.१, ८६८.३, ८६८.५ आहेत, म्हणजे आपल्या हद्दीच्या जेमतेम बाहेर. हार्डवेअर बहुधा तेच चालते, सॉफ्टवेअरमध्ये आयएन८६५ हा भारतीय आराखडा निवडा. त्याचे तीन मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. मोड्यूलला ईटीए, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारले की 'सब चलता है' असे उत्तर मिळते, ते पुरेसे नाही. परदेशातून मागवलेले पार्सल न्हावाशेव्याला किंवा विमानतळावर कस्टम्समध्ये अडकते ते याच कागदावाचून.

पॉवरबद्दलही एक गणित मांडतो, कारण १ वॅटची परवानगी आहे म्हणून १ वॅटच लावायची ही सवय फार पसरली आहे. ८६५ मेगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत ५ किलोमीटरला साधारण १०५ डेसिबल घट होते. तुम्ही १४ डीबीएम, म्हणजे २५ मिलिवॅट पाठवलेत, तर पलीकडे उणे ९१ डीबीएम पोहोचते. नेहमीची लोरा चिप स्प्रेडिंग फॅक्टर १० (संथ पण लांब पोहोचणारी सेटिंग) वर उणे १३२पर्यंत ऐकू शकते. हातात ४० डेसिबल शिल्लक राहतात. इमारती, ओली तिवरे, मुसळधार पाऊस यांत त्यातले २५ गेले तरी पातळीचा आकडा पोहोचतो. अँटेना दोन मीटर उंच करण्याने जे साधते ते पॉवर चौपट करूनही साधत नाही, हे खाडीकाठी स्वतः मोजून बघाच. तिवरांमधून सिग्नल न्यायचा हट्ट सोडून तो त्यांच्या वरून नेता आला, तर ५०० मेगाहर्ट्झची गरज कदाचित उरणारही नाही.

तरीही तो प्रयोग करून बघावासा वाटतो हे मला समजते, आणि करावाही. फक्त रीतसर.

भारतात वायरलेस यंत्र वापरणे सोडाच, जवळ बाळगणे हाही १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून लायसन्सचा विषय आहे. २०२३चा दूरसंचार कायदा २६ जून २०२४पासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, आणि रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी किंवा सूट हवी हे तत्त्व त्यानेही कायम ठेवले आहे. लायसन्स देणारी शाखा म्हणजे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग. ती १९५२पासून हेच काम करते. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर ऑनलाइन होतो, संचार भवनाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. प्रयोग, तंत्रज्ञान चाचणी आणि प्रात्यक्षिक असे वेगवेगळे प्रकार आहेत. तुमचे काम पहिल्यात मोडते. ग्राहकाला दाखवायला न्याल तेव्हा ते प्रात्यक्षिक होईल, ते याच लायसन्सवर उरकू नका. अर्जात आणखी एक फरक विचारला जातो, लहरी हवेत जाणार की नाही. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड किंवा अॅटेन्युएटर लावून, केबलमधून केबलमध्ये, शिल्डेड डब्यात केलेले काम हे हवेत न जाणारे. माझे ठाम मत आहे की पहिले कित्येक आठवडे तुम्ही याच प्रकारात राहावे. मोड्युलेशन, त्रुटींचे प्रमाण, घड्याळाचा सरकाव हे सगळे गाळ्यातल्या टेबलावर कळते. गच्चीवर जाऊन कळणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे सिग्नलची हवेतली वाट.

आता 'दहा मिनिटे' या मुद्द्याकडे येतो. मला सर्वात जास्त काळजी याचीच आहे. स्वस्त एसडीआरच्या आउटपुटला फिल्टर नसतो. तुम्ही ५१५ मेगाहर्ट्झ पाठवता तेव्हा त्याची दुप्पट, १०३० मेगाहर्ट्झ, हीदेखील बाहेर पडते. १०३० ही रडार विमानाला 'तू कोण, किती उंचीवर' असे विचारते ती फ्रिक्वेन्सी. ५४५ निवडलीत तर दुप्पट १०९० होते आणि विमान उत्तर देते ते याच फ्रिक्वेन्सीवर. त्यांच्या आजूबाजूला ९६० ते १२१५ हा सगळा पट्टा विमानाला अंतर सांगणाऱ्या यंत्रणांचा आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून उड्डाणे सुरू झाली आहेत आणि तुमच्या गच्चीवरून वर बघितले तर विमाने दिसतात. तुमची ही दुप्पट फ्रिक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक, क्षीण असेल, बहुतेक वेळा काहीच होणार नाही. पण 'बहुतेक वेळा' यावर इथे काम चालत नाही. ६०० मेगाहर्ट्झच्या वरचे कापणारा लो-पास फिल्टर लावा, स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवणारे यंत्र) २ गिगाहर्ट्झपर्यंतचा आलेख काढा आणि तो अर्जाला जोडा. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही नक्की काय करता आहात हे त्या एका आलेखातून कळते.

(गणेशोत्सवात मंडळाची आरती एफएमवर ऐकवण्यासाठी छोटा ट्रान्समीटर चालेल का, असे दर वर्षी कोणीतरी विचारतेच. नाही. १०८ मेगाहर्ट्झ संपले की लगेच विमानांच्या उतरण्याच्या मार्गदर्शनाचे सिग्नल सुरू होतात.)

४७० ते ५९० हा टीव्हीचा पट्टा. याच पट्ट्यात आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये, आयआयटी मुंबईने खामलोली आणि आसपासच्या गावांना टीव्हीच्या रिकाम्या जागेतून इंटरनेट देण्याचा प्रयोग केला होता. त्यांनी आधी दूरदर्शनच्या प्रक्षेपकांची माहिती घेऊन कोणता चॅनेल कुठे रिकामा आहे याचा नकाशा केला आणि मग तिथे यंत्रे उभी केली. तो क्रम तसाच उचला. ऐरोली मुंबईला लागून आहे, पालघरइतकी जागा रिकामी मिळणार नाही. दोन्ही टोकांना अॅनालायझर लावून सकाळ-संध्याकाळचे चित्र नोंदवा, मगच फ्रिक्वेन्सी मागा.

मागताना थोडे मागा. नवखे लोक '४७० ते ५९०, १० वॅट, नवी मुंबई परिसर, दोन वर्षे' असे लिहितात आणि पत्रव्यवहारात अडकतात, कारण एवढ्या पसाऱ्यात कोणाकोणाला त्रास होईल हे डब्ल्यूपीसीला प्रत्येकाला विचारावे लागते. तुम्ही लिहा: एकच ८ मेगाहर्ट्झचा चॅनेल, १०० मिलिवॅट, दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, जमिनीपासून अँटेनाची उंची, गेन (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटते), तोंड कोणत्या दिशेला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाच्या कोणत्या वेळात. प्रत्येक एसडीआरचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर द्या, म्हणजे तो जवळ असण्याचा प्रश्नही मिटतो. उत्सर्जनाचा संकेत नीट भरा. वॉकीटॉकीच्या आवाजाचा '१६के०एफ३ई' असा असतो: १६ किलोहर्ट्झ रुंदी, फ्रिक्वेन्सी मोड्युलेशन, एक चॅनेल, आवाज. तुमचा डिजिटल डेटाचा वेगळा होईल, आणि तो रुंदीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. प्रयोगाचा हेतू एका परिच्छेदात लिहा. त्यात व्यवसायाच्या स्वप्नांना जागा नाही, काय मोजणार आणि ते मोजून काय ठरवणार एवढेच पुरे.

प्रायोगिक लायसन्स कोणत्याही देशात एकाच पायावर उभे असते: तुमच्यामुळे कोणाला व्यत्यय येता कामा नये, तुम्हाला कोणाचा आला तर तक्रार करता येणार नाही, आणि सेवा विकायची नाही. मे २०२१मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांना ५जी चाचणीची परवानगी मिळाली तेव्हाही मुदत सहा महिन्यांची होती, त्यातले दोन महिने यंत्रे आणण्यात जातील असे धरलेले, आणि चाचणीचे जाळे चालू व्यावसायिक जाळ्यापासून वेगळे ठेवण्याची अट होती. अटी फक्त लहानांवर लादल्या जातात असे नाही.

भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अमेरिकेत एफसीसीच्या, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाच्या, नियमांचा पाचवा भाग या प्रयोगांसाठीच आहे. थोड्या काळासाठी सहा महिन्यांपर्यंतची खास तात्पुरती परवानगी मिळते, आणि २०१३पासून विद्यापीठांना व संशोधन संस्थांना एकाच लायसन्सखाली अनेक प्रयोग करता येतात. पण परवानगी तिथेही लागते. तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे: तिथले अर्ज सार्वजनिक असतात. गोपनीय भाग झाकलेला असतो, बाकीचे कोणीही वाचू शकते. मोठमोठ्या कंपन्या किती मोजके मागतात, हेतू किती नेमका लिहितात, हे चार-पाच अर्ज वाचले की कळते. मसुदा लिहिण्यापूर्वी ते जरूर वाचा. त्यात 'स्टॉप बझर' नावाचा संपर्कही दिसेल, म्हणजे व्यत्ययाची तक्रार आली तर ज्याला फोन करून प्रक्षेपण तत्काळ बंद करता येते असा माणूस. आपल्या अर्जातही असे नाव आणि चालू मोबाइल नंबर स्वतःहून द्या. चाचणीच्या वेळी तो माणूस गच्चीवर, प्लगच्या शेजारी हवा, लोकलमध्ये नको.

आपल्याकडेही मार्च २०२४मध्ये दूरसंचार विभागाने स्पेक्ट्रम सँडबॉक्सची (नव्या वायरलेस तंत्रांच्या चाचणीसाठी राखलेली मोकळीक) योजना आणली, तिच्यात वायरलेस चाचणीसाठी विभाग ठरवण्याची सोय आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला सोबत घेतलेत तर तो रस्ताही तपासा. खारघरला समीर या सरकारी संशोधन संस्थेचे केंद्र आहे, उत्सर्जनाची मोजणी करून घ्यायला चेन्नई-बंगळुरूला जायची गरज नाही. तिघांपैकी एकाने हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा द्यावी असेही सुचवेन. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, आणि अँटेना व प्रसरण यांची समज त्या अभ्यासातून पक्की होते. पण हॅमच्या परवान्यावर तुमच्या उत्पादनाची चाचणी करता येणार नाही, तो वापर व्यावसायिक ठरतो.

रेडिओबाहेरच्या परवानग्या लोक हमखास विसरतात. गच्चीसाठी सोसायटीचे पत्र, धारण तलावाच्या काठावर सेन्सर लावायला महापालिकेचे. उंच मास्ट उभारणार असाल तर सॅक्फाची (रेडिओ केंद्रांच्या जागा तपासणारी सरकारी समिती) जागा-मंजुरी आणि विमानतळामुळे आलेली उंचीची मर्यादा. तिवरांत खांब रोवायचा विचारही करू नका. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिवरे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. सेन्सर पुलाच्या कठड्याला किंवा पंपहाऊसच्या भिंतीला बसवता येतो का ते आधी बघा.

९१५चे मोड्यूल परत जात असतील तर परत करा, दुसऱ्या कोणाला विकू नका. ८६५वर पावसाळ्याआधी दोन तलावांची आकडेवारी यायला लागू दे, ५००चा अर्ज त्याच्या समांतर चालू राहील. फिल्टरचा आलेख आणि अर्जातला तांत्रिक तक्ता तयार झाला की इथे टाका, जागेचा पत्ता आणि फोन नंबर झाकून. पॉवर आणि रुंदीचे आकडे मी तपासून देईन.