काटा ऑफिसात, वही पदरात

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे, १८ बायका कामाला, काहीजणी तर वडिलांच्या वेळेपासूनच्या. मजुरी किलोवर. कोणी किती गर काढला ते आधी वहीत लिहायचो. मार्चमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, टॅबवर ॲप टाकलं, काटा ऑफिसात ठेवला कारण शेडमध्ये धूळ नि टरफलाचं तेल. विकणाऱ्यांचा माणूस दोन तास ट्रेनिंग देऊन गेला. तीन महिने झाले, बायका टॅबला हात लावत नाहीत, आपापल्या छोट्या वहीत लिहितात आणि शनिवारी मजुरी देताना वाद. एक काकी तर म्हणाली, "मशीनीत काय लिवलला ता आमका काय कळता?" सगळ्या पन्नाशीच्या, आठवी-नववी शिकलेल्या. वयामुळे जमत नसेल का? सक्ती करू का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : दादा, सक्ती अजिबात करू नका. वयाचं म्हणाल तर याच बायका मुंबईतल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, गेल्या काही वर्षांत बाजारात मासे विकणाऱ्या बायकांनीसुद्धा क्यूआर कोड लावलेत, त्यांना कोणी ट्रेनिंग दिलं होतं? गरज पटली की शिकतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एकच वाक्य, काटा ऑफिसात ठेवला. आधी वजन शेडमध्ये सगळ्यांसमोर व्हायचं, बाई स्वतः काटा बघायची, वहीत आकडा लिहिलेला बघायची. आता तिचा गर आत जातो आणि आकडा आतच राहतो. जिची मजुरी त्या आकड्यावर आहे तिने डोळे मिटून विश्वास ठेवायचा, असं झालंय ते. काकी बोलली ते अगदी बरोबर बोलली.

म्हणून पहिलं काम, काटा शेडमध्ये आणा. धुळीसाठी प्लास्टिकचं कव्हर घाला, आकडा बाईच्या बाजूने दिसेल असा ठेवा. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे ना तेही बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करायची असते, तो शिक्का बायकांना दाखवा. आणि एक गोष्ट तपासाच : आधी वजन गर फोडल्या-फोडल्या व्हायचं आणि आता ओव्हनमधून काढल्यावर होतंय, असं तर नाही ना? वाळल्यावर ओल जाते, वजन उतरतं. तसं असेल तर वाद ॲपचा नाहीच, मजुरीचा आहे आणि तो आधी मिटवा. अख्खा गर, पाकळी, तुकडा यांचे दर वेगळे असतील तर तेही ॲपमध्ये वेगवेगळे दिसायला हवेत, नुसता एकूण किलो दाखवून चालणार नाही.

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने हेच तपासलं होतं की कामावरचा माणूस नवी सिस्टीम का वापरतो. मला उपयोग आहे का आणि वापरायला सोपी आहे का, या दोन गोष्टी पुढे आल्या आणि त्यात उपयोगाचं पारडं जड निघालं. तुमच्या त्या दोन तासांत बटणं कुठली दाबायची ते सांगितलं असणार, पण बाईला यातून काय मिळणार ते कोणीच सांगितलं नाही. उपयोग आजच्या घडीला फक्त तुम्हाला आहे, तुमचा हिशोब सोपा झाला. तिच्या पदरात काय? रोज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर मराठीत मेसेज जाऊ दे, आज इतके किलो, इतके रुपये. ॲपमधून जात नसेल तर छोटी छापील चिठ्ठी द्या.

टॅबला हात लावत नाहीत त्याचं साधं कारणही असू शकतं. फोडताना हाताला तेल लावलेलं असतं नाहीतर ग्लोव्ह्ज असतात, असल्या हाताने स्क्रीन धड चालत नाही. प्रत्येकीने टॅब चालवायची गरजच काय? एकजण नोंद करेल, पण ती तुमची भाची किंवा ऑफिसातला मुलगा नको, बायकांनी स्वतः निवडलेली हवी. तिचा त्या कामात जाणारा वेळ मजुरीत धरा, किलोवर पोट असलेल्या बाईला फुकटचा अर्धा तास परवडत नाही.

मग एक महिना वही आणि ॲप दोन्ही चालवा. शनिवारी सगळ्यांसमोर ताळा करा, फरक आला तर त्या महिन्यात जो आकडा जास्त असेल त्याप्रमाणे पैसे द्या. थोडे पैसे जातील, जाऊ देत. पावसात लाईट जाते, नेटवर्क जातं, त्या दिवशी काय करायचं तेही आधीच ठरवा, ॲप ऑफलाइन चालतं का विचारून घ्या.

मी पूर्वी रत्नागिरीत एका आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये हिशोब बघायचे. ऐन एप्रिलमध्ये, पेट्या भरायची घाई चालू असताना मालकांनी नवी सिस्टीम आणली आणि आठवड्याभरात सगळे परत चिठ्ठ्यांवर आले. तेव्हा मीही त्या माणसांनाच नावं ठेवली होती, ते आजही मनाला लागतं. तुम्हीही मार्चमध्ये, बिया यायच्या धामधुमीत सुरू केलंत. आता गणपतीची गडबड होऊन जाऊ दे, बायका सुट्टीवरून परत आल्या की नव्याने मांडा.

वह्या मात्र काढून घेऊ नका. गरज वाटेनाशी झाली की त्या स्वतःच घरी ठेवून येतील, आणि एखादीने लिहीतच राहायचं ठरवलं तर लिहू दे.