वहीतले १४०

प्रश्न : ताई, मी पंधरा वर्षांची आहे. दहाव्या वर्षापासून टाइप वन डायबेटीस आहे. आधी शुगर बरी असायची. आता तेवढंच खाऊन, तेवढंच इन्सुलिन घेऊनही सकाळी २६० येते. आई लगेच विचारते, "चोरून काय खाल्लंस?" म्हणून मी वहीत १४० लिहायला लागले. मैत्रिणींसमोर नको वाटतं, म्हणून शाळेतलं दुपारचं इंजेक्शनही कधी कधी टाळते. आता आईला खरं कसं सांगू?

उत्तर : तुझं पत्र वाचून माझी नववीतली वही आठवली. मला अकराव्या वर्षी टाइप वन झाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनेनासं झालं. खोटे आकडे मीही लिहायचे, तेही वेगवेगळ्या पेनांनी, रोजच्या रोज लिहिल्यासारखे दिसावेत म्हणून. मग रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज, ९.८ टक्के आलं. वहीतल्या आकड्यांवरून ते सातच्या आत यायला हवं होतं. डॉक्टरांनी वही मिटली आणि एवढंच विचारलं, "घरी कोण रागावतं?" मी तिथेच रडले.

सकाळचे २६० ही तुझी चूक नाही. वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, पहाटे तर जास्तच. लहानपणी वजनाच्या किलोमागे दिवसाला एका युनिट इन्सुलिनच्या आत भागतं, या वयात त्याहून जास्त लागू शकतं. डोस वाढवायचा तो डॉक्टरांनी, पण त्यांच्यासमोर १४० असतील तर ते कशाला वाढवतील?

दुपारच्या इंजेक्शनची मला जास्त काळजी वाटते. न घेतलेलं इंजेक्शन वहीत घेतलं म्हणून लिहिलंस आणि एचबीएवनसी वाढलेलं दिसलं, तर इन्सुलिन पुरत नाही असं समजून डोस वाढवला जाईल. मग ज्या दिवशी तू सगळी इंजेक्शनं खरोखर घेशील, त्या दिवशी शुगर धाडकन खाली येईल. माझ्या बाबतीत हेच झालं होतं, तेही परीक्षेच्या वर्गात. १९२२ साली टोरंटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं ते लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवत. इंजेक्शन टाळावंसं वाटलं की मला तो मुलगा आठवतो.

एका मैत्रिणीला सगळं सांग. माझ्या मैत्रिणीला माहीत होतं, मी उगाच चिडले की शुगर लो असणार. ७० च्या खाली असली की पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, ताबडतोब मदत बोलवायची, हेही तिला सांगून ठेव. आणि शुगर २५० च्या वर राहून मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली, तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, तपास. उलट्या होत असतील किंवा श्वास खोल, जोरात चालत असेल तर तडक हॉस्पिटल. त्या वेळी आई काय म्हणेल याचा विचार करू नकोस.

आईशी बोलायचं ते शुगर तपासल्या तपासल्या नको. दोघी शांत असताना मीटरमधले जुने आकडे तिच्यासमोर धर आणि हे उत्तर तिला वाचायला दे. आई, तुम्हालाही सांगते : मोठा आकडा दिसला की तुम्ही घाबरता, आणि तिला तो राग वाटतो. "काय खाल्लंस?" ऐवजी "आता काय करायचं?" असं विचारून बघा.

पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. जाताना मीटर घेऊन जा, आणि दुपारची किती इंजेक्शनं चुकली ते त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग.