नाशिकजवळ दगड-खनिजं आणि पक्षी दोन्हीचा अभ्यास स्वतः फिरून करायचाय, सुरुवात कुठून करू?

आधी सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून या, म्हणजे आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोटात काय काय दडलंय ते कळेल आणि नजर तयार होईल. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात गॅसचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, नंतर त्यात पाणी झिरपत झिरपत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढले. स्टिल्बाइट ओळखायला सोपा, बऱ्याचदा फिकट गुलाबी-केशरी असतो आणि मधे बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखा दोन्हीकडे फुललेला दिसतो. खाणीत मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि उभ्या कड्याखाली तर अजिबात थांबू नका.

पक्ष्यांसाठी निफाडचं नांदूर मध्यमेश्वर, रामसर दर्जा (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता) मिळालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, 2020 मध्ये ते जाहीर झालं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच पोचा. हळदीकुंकू बदक नीट बघा, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, नाव कसं पडलं ते लगेच कळतं. अभयारण्यातून पीससुद्धा उचलायचं नाही हं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वही, पेन्सिलनेच लिहा कारण पेनाची शाई ओली झाली की पसरते, तारीख, वेळ, जागा, सोबत कुठली खनिजं होती हे तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं. माझे पहिल्या वर्षीचे दोन डबे भरून नमुने लेबलाशिवाय पडलेत, सुंदर आहेत पण कुठले ते सांगता येत नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.