चंगळवाद की उपभोगवाद? आणि कुटुंब म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आहे: समाजशास्त्राचं टिपण मराठीत लिहिताना 'कन्झ्युमरिझम'ला चंगळवाद म्हटलं तर चालेल का? आणि 'फॅमिली' व 'हाउसहोल्ड' या दोन्हींना कुटुंबच म्हणायचं का?

चंगळवाद चालतो, पण तो निकाल देऊन मोकळा झालेला शब्द आहे. मुळातली चंगळ बिचारी निरागस. आजोळी पोरांची चंगळ होते, यंदा आंब्यांची चंगळ आहे, असं आपण कौतुकानंच म्हणतो. मागे 'वाद' लागला आणि ती बदनाम झाली. अग्रलेखात हा शब्द शोभतो. टिपणात मात्र मी उपभोगवाद लिहीन. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९मध्ये ऐपत दाखवण्यासाठी होणाऱ्या खर्चाची जी कल्पना मांडली, तिला मराठीत दिखाऊ उपभोग म्हणता येतं. तिथं चंगळ घालून बघा, अर्थच बिघडतो. लेकीच्या लग्नात चारचौघांत कमी दिसायला नको म्हणून कर्ज काढणाऱ्या बापाची कसली आलीय चंगळ? (भोगाची दुसरी छटा मराठीला ठाऊक आहेच. 'आपले भोग, दुसरं काय' म्हणणारी बाई काही उपभोग घेत नसते.)

हिंदीत उपभोक्ता म्हणतात, आपण ग्राहक. म्हणजे हिंदीची नजर वापरणाऱ्यावर, आपली घेणाऱ्यावर. घरात ही दोन माणसं बहुतेकदा वेगळी असतात. बिस्किटांचे पैसे बाबा देतात, पुडा फोडतो धाकटा. ग्राहक संरक्षण कायद्यानं, १९८६च्या आणि २०१९च्याही, ही अडचण ओळखली आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच, असं त्यात धरलं आहे. तेव्हा धाकटाही ग्राहक. याच शब्दाचं घरगुती रूप गिऱ्हाईक, आणि एखाद्याचं गिऱ्हाईक करणं म्हणजे काय हे सांगायला नको. जाहिरातींवर टिपण लिहिणाऱ्यानं तो वाक्प्रचार जरूर वापरावा.

आता कुटुंब. जुन्या पिढीतला नवरा 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणाला, तर फक्त बायको गेलेली असायची. त्यामुळे हा शब्द पहिल्यापासूनच लवचिक. जनगणनेला 'हाउसहोल्ड' म्हणून जे मोजायचं असतं त्याची खूण स्वयंपाकघर: सहसा एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. त्यांचं आपसांत नातं असलंच पाहिजे असं नाही. इरावती कर्वे यांनी १९५३च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तिच्यातही एक छप्पर आणि एका चुलीवरचं अन्न आहे. शिवाय सामाईक मालमत्ता, एकत्र देवपूजा आणि आपसांतलं नातं आहे.

हा फरक मराठीनं केव्हाच टिपलाय. भाऊ एकाच वाड्यात राहिले तरी 'चूल वेगळी झाली' म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. चूलबंद आमंत्रणात घरातल्या एकूण एक माणसानं जेवायला यायचं असतं, कारण त्या दिवशी घरी चूल पेटायची नसते. म्हणून माझं मत असं: 'फॅमिली'ला कुटुंब, आणि 'हाउसहोल्ड'ला फरक दाखवायचा असेल तिथं 'एका चुलीचं कुटुंब'. शब्द लांबतो, पण वाचणारा अडखळत नाही. मुंबईत एका खोलीत राहून एकत्र स्वयंपाक करणारे चार मित्र मग कुटुंब नसूनही एका चुलीचे ठरतात, आणि किराण्याचा, गॅसचा हिशेब मांडताना नेमकं तेच हवं असतं.

एक शब्द तुम्ही विचारला नाहीत: संसार. 'पुरात संसार वाहून गेला' म्हणतो तेव्हा माणसं सुखरूप असतात, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण गेलेलं असतं. 'तिचा संसार सुखाचा आहे' म्हणताना भांड्यांचा विचारही मनात नसतो. आमच्या घरी एक स्टीलचा डबा आहे, त्यावर आईच्या मामाचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. डब्याचं झाकण कधीच हरवलं. आई अजून त्यातच पोहे ठेवते, वर ताटली झाकून.