व्हॉल्व बसवल्यावर प्रेशर पुन्हा चढलं, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

सांगलीच्या ताईंचा प्रश्न असा आहे: आईच्या डाव्या डोळ्यात काचबिंदूसाठी अहमद व्हॉल्व (डोळ्यातलं जादा पाणी नळीने चकतीकडे बाहेर काढणारं छोटं उपकरण) बसवला, पहिल्या आठवड्यात डोळ्याचं प्रेशर ९ होतं, आता सहाव्या आठवड्यात २७ निघालं. सगळं पाण्यात गेलं का?

ताई, माझ्या उजव्या डोळ्यात हाच व्हॉल्व आहे. माझं ८ वरून २९ झालं होतं, सातव्या आठवड्यात. तपासणीहून साताऱ्याला परतताना खंबाटकी चढून संपेपर्यंत मी बायकोशी एक शब्द बोललो नाही.

होतं असं की, व्हॉल्वच्या नळीतून आलेलं पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पातळ आवरणाखाली बसवलेल्या चकतीपाशी जमतं आणि तिथून आजूबाजूला जिरतं. शरीर मात्र त्या चकतीभोवती स्वतःची पिशवी विणतं. सुरुवातीला ती पिशवी जाड, सुजलेली असते, पाणी जिरू देत नाही. साधारण ४ ते ८ आठवड्यांच्या सुमारास प्रेशर चढतं ते बहुतेकदा यामुळे. पुढच्या काही महिन्यांत ती पातळ पडते आणि बऱ्याच जणांचं प्रेशर उतरतं. सगळ्यांचं नाही, हेही सांगून ठेवतो. माझं १४ वर आहे, पण प्रेशर उतरवणारे टिमोलॉल-डॉर्झोलामाइडचे थेंब सुटलेले नाहीत.

ऑरोलॅब कंपनीचं बिनव्हॉल्वचं इम्प्लांट असतं तर गोष्ट वेगळी. त्यात नळी मुद्दाम विरघळणाऱ्या टाक्याने बांधलेली असते, ५-६ आठवड्यांनी सुटते, तोवर प्रेशर चढं राहणं अपेक्षितच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नाव एकदा नीट वाचा.

डॉक्टर आधी नळीचं तोंड रक्ताने किंवा बुबुळाने अडलंय का ते बघतील. मग थेंब वाढवतील, कदाचित प्रेशर उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या देतील. त्यांनी बोटांना मुंग्या येतात, प्यायचा सोडा चक्क फिका लागतो. आईंना मुतखडा, किडनीचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. दमा असेल तर टिमोलॉलच्या आधीही सांगा. आणि विचारायचा खरा प्रश्न हा: "स्टेरॉइडच्या थेंबांमुळे प्रेशर वाढलंय का?" काहींचं वाढतं. पण ते थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत, सूज उसळते. डोळा चोळून पाणी काढायचा सल्ला कुणी दिला तर तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मध, कांद्याचा रस वगैरे तर अजिबात नको. माझ्या मावशीने आणून ठेवलाच होता.

दोन औषधांत ५ मिनिटं जाऊ द्या. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलका दाबून धरा. मी सहा महिने हे न करता थेंब गालावर घालवले.

डोळा खूप दुखला, लाल झाला, चिकट पाणी आलं, उलट्या झाल्या, नजर एकदम अंधुक झाली किंवा नळी उघडी पडल्यासारखी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. प्रत्येक वेळचं प्रेशर तारखेसकट एका वहीत लिहा, कोणते थेंब चालू होते तेही. एकट्या २७ वरून डॉक्टरांनाही अंदाज येत नाही, ९ ते २७ मधले आकडे लागतात. ते आहेत का तुमच्याकडे?