पॅनेलचं दार, हँडल आणि कुलूप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या एमसीसी पॅनेलमध्ये (मोटरींना सप्लाय वाटणारं पॅनेल) २५० अँपिअरचा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) आहे आणि दारावर फिरवायचं हँडल आहे. हँडल ऑनकडे नेलं तरी एमसीसीबी कधी घेतो (ऑन होतो), कधी नाही. ऑन असताना दार ओढलं तर तेही उघडतं. आता कामावरची मुलं दार उघडून आतली सळई पक्कडीनं फिरवतात. एमसीसीबी बदलावा का? (वाचक, कुपवाड एमआयडीसी)

उत्तर : एमसीसीबी बहुधा ठीक आहे. आधी ती पक्कड बंद करा. पुढे कुठे शॉर्ट असेल, तर ऑन करताक्षणी उडणारी आर्क (विजेचा जळता झोत) थेट तोंडावर येते. बंद दार अशा वेळी निदान अंगावर येणारा पहिला झोत अडवतं.

या व्यवस्थेचे तीन भाग असतात: एमसीसीबीवर बसवलेलं फिरकं, त्यातून बाहेर येणारी चौकोनी सळई आणि दारावरचं हँडल. सळईचं टोक हँडलमागच्या खोबणीत शिरतं. हँडल ऑनकडे फिरलं की आतला खटका सळईच्या टोकाला किंवा तिच्यातल्या आडव्या पिनला धरतो, म्हणून दार अडकतं. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. सळई खोबणीत पुरेशी किंवा सरळ शिरत नाही.

याची कारणं साधारण दोन. एक म्हणजे सळई आखूड कापली गेली आहे. दुसरं, आणि जुन्या पॅनेलमध्ये जास्त आढळणारं, म्हणजे बिजागऱ्या ढिल्या होऊन दार खाली बसलं आहे. तीन-चार मिलिमीटर उतरलं तरी पुरतं. हे ओळखायला सळईच्या टोकाला मार्किंगची शाई लावा, हँडल काढा, त्याचं भोक आतून कागदी टेपनं झाका आणि दार बंद करा. टेपवर शाईचा ठिपका उमटेल. तो भोकाच्या मध्यावर नसेल तर सळईला हात लावू नका. बिजागरीचे स्क्रू ढिले करा, दार खालून उचलून धरा आणि पुन्हा कसा. ठिपका मध्यावर येईपर्यंत हे करा.

ठिपका मध्यावर आहे आणि तरी खटका धरत नाही, तर सळई आखूड आहे. तिला तुकडा वेल्ड करू नका, नवी सळई घ्या. एमसीसीबीपासून दाराच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर दार नीट लागलेलं असताना, गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) दाबलेलं धरून मोजा. त्यातून किती वजा करायचं हे प्रत्येक मेकच्या कागदावर वेगळं दिलेलं असतं. एका मेकचा आकडा दुसऱ्याला लावला की नेमका हाच घोळ होतो. सळई बाहेर काढूनच हॅकसॉनं कापा आणि कड कानसीनं मोडा. जागेवर कापली तर लोखंडाचा कीस एमसीसीबीत आणि बसबारवर (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर) पडतो. सळई लांब राहिली तर दार पूर्ण लागत नाही, गॅस्केट दबत नाही आणि धूळ आत जाते. खोल पॅनेलमध्ये सळई लांब असते. ती लोंबू नये म्हणून मध्ये आधाराची पट्टी लावा.

हे सगळं काम वरचा फीडर (या पॅनेलला सप्लाय देणारा ब्रेकर) बंद करून, त्याला कुलूप घालूनच करायचं. तुमचा एमसीसीबी ऑफ केला तरी त्याच्या इनकमिंग टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच असतात.

एक गोष्ट वेगळी तपासा. एमसीसीबी ट्रिप झाला की हँडल ऑन आणि ऑफच्या मध्ये थांबतं. तिथून सरळ ऑनकडे नेलं तर तो घेत नाही. आधी ऑफच्या पुढे, रिसेटपर्यंत दाबून न्यावं लागतं. ‘कधी घेतो, कधी नाही’ यातला काही भाग हाही असू शकतो. तसं असेल तर ट्रिप का होतोय ते आधी शोधा.

प्रश्न : हँडलशेजारच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर फिरवला की चालू स्थितीतही दार उघडतं. करंट मोजायला आम्ही रोज तसं करतो. चुकीचं आहे का? (वाचक, चाकण)

उत्तर : ती सोय जाणकार, अधिकृत माणसासाठी दिलेली असते: क्वचित, कारणानं आणि योग्य पीपीई (अंगावरची सुरक्षा साधनं) घालून वापरायची. रोजच्या कामाला नाही. रोज करंट बघायचा असेल तर सीटी (करंट मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि दारावर अँमीटर बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे. तपमानासाठी दारात इन्फ्रारेड खिडकी (दार न उघडता थर्मल कॅमेऱ्यानं आत बघायची) बसवता येते. आणि वारंवार वापरून तो खटका झिजला की पुढे इंटरलॉक (ऑन असताना दार अडवणारी सोय) सगळ्यांसाठीच निकामी होतो.

प्रश्न : ऑफ केलेल्या हँडलला शिफ्टचं एकच कुलूप लावतो, किल्ली सुपरवायझरकडे असते. एकाच मशीनवर चार जण काम करतात. एवढं पुरेसं आहे ना? (वाचक, शिरोली)

उत्तर : नाही. ज्याचा हात आत आहे, त्याचं कुलूप आणि त्याचीच किल्ली, त्याच्याच खिशात. सुपरवायझरला तीन जण बाहेर आलेले दिसतात, चौथा मशीनच्या मागे असतो, आणि कुलूप निघतं.

बहुतेक हँडलमध्ये तीन कुलपांची जागा असते. माणसं जास्त असतील तर हँडलला सहा भोकांचा हास्प (एका जागी अनेक कुलपं लावायची कडी) अडकवा आणि प्रत्येकाचं कुलूप त्यात. कुलपाची कडी भोकात घट्ट बसेल अशी घ्या. बारीक कडी असली की हँडल थोडं हलतं. शिफ्ट बदलताना येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप घालायचं, मगच जाणाऱ्यानं आपलं काढायचं. मधला एक मिनिटही मोकळा नको.

हँडल ऑफ दिसतं म्हणजे आतले तिन्ही कॉन्टॅक्ट उघडलेच, असं गृहीत धरू नका. आयसोलेशनसाठी (सप्लाय पूर्ण तोडण्यासाठी) प्रमाणित स्विचमध्ये कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर हँडल ऑफवर जाऊ नये आणि कुलूप लागू नये, अशी रचना असते. पण मधली सळई निसटली असेल तर दारावरचं हँडल एकटंच फिरतं. म्हणून कुलपानंतर मोजणी हवीच. निऑन टेस्टरवर नाही, दोन दांड्यांच्या व्होल्टेज टेस्टरवर. आधी तो चालू असल्याचं माहीत असलेल्या सप्लायवर तपासा. मग दहा मोजण्या घ्या: तीन फेज आपापसांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थशी, आणि न्यूट्रल अर्थशी. शेवटी टेस्टर पुन्हा चालू सप्लायवर लावून बघा. मधेच त्याचा सेल गेला असेल तर तो सगळीकडे शून्यच दाखवेल.

पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर ४१५ व्होल्टवर त्याच्या डीसी बसवर सुमारे ५८५ व्होल्ट असतात आणि ऑफ केल्यावरही कॅपॅसिटर भरलेला राहतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि तिथेही मोजा.

प्रश्न : सोसायटीच्या मेन पॅनेलला ट्रान्सफॉर्मर इनकमर (येणाऱ्या सप्लायचा ब्रेकर), डीजी (डिझेल जनरेटर) इनकमर आणि बसकपलर (बसचे दोन अर्धे जोडणारा ब्रेकर) आहे; तीन कॅसल लॉक (ब्रेकरला चावीनं अडवणारी कुलपं), दोन चाव्या. एक हरवली म्हणून नवी करून घेतली, आता जुनी सापडली. ती ऑफिसात ठेवू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : आजच ती तोडून टाका. या लॉकची सगळी सुरक्षा चाव्यांच्या मोजणीवर उभी आहे. चावी लॉकमध्ये फिरवल्याशिवाय ब्रेकर ऑन होत नाही आणि ऑन असताना चावी निघत नाही. तीन लॉक, दोन चाव्या, म्हणून एका वेळी फार तर दोनच ब्रेकर ऑन होतात. दोन्ही इनकमर ऑन असतील तर कपलर उघडा राहतो आणि प्रत्येक जण आपापला अर्धा बस चालवतो. तिसरी चावी आली की तिन्ही ऑन करता येतात.

मग काय होतं? लाइट असेल तर डीजी आणि ग्रिड सिंक्रोनाइझ न करता एकमेकांवर येतात आणि अल्टरनेटरला जबर झटका बसतो. लाइट गेलेली असेल तर ते जास्त वाईट. डीजीचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरमधून उलटा जातो, ४३३ व्होल्टचे ११ हजार होतात, आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनपर्यंत पोचतात.

चावी हरवली तर गल्लीतल्या चावीवाल्याकडे जाऊ नका. पॅनेल बनवणाऱ्याकडून लॉक आणि चाव्या असा पूर्ण संच बदलून घ्या. इलेक्ट्रिकल इंटरलॉकही असेल तर उत्तम, पण तो कॅसल लॉकच्या जागी नव्हे, जोडीला.

प्रश्न : दाराला लिमिट स्विच आहे, दार उघडलं की मशीन थांबतं. मग हँडलचं कुलूप कशाला? (वाचक, अंबड, नाशिक)

उत्तर : तो लिमिट स्विच फक्त कंट्रोल सप्लाय तोडतो, म्हणजे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) सुटतो. कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला पूर्ण सप्लाय असतो आणि कॉन्टॅक्टर चिकटला असेल तर मोटरवरही. शिवाय बोटानं दाबला की स्विचला दार बंदच वाटतं.

हँडल ऑफ केल्यावरही आत काही वायरी चालू असू शकतात: पॅनेलचा दिवा, हीटर, दुसऱ्या पॅनेलमधून आलेले इंटरलॉकचे सिग्नल. मशीनच्या पॅनेलमध्ये अशा वायरी नारिंगी ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्याकडे नसतील तर ड्रॉइंग घेऊन एकेक शोधा, टर्मिनलवर पारदर्शक झाकण लावा आणि ‘मेन ऑफ असतानाही सप्लाय’ अशी पाटी चिकटवा.