मिशिगनमध्ये जुना ट्रेलर घेतलाय. वर्षभराच्या सहली कशा आखायच्या आणि ट्रेलर तयार कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये २२ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं, राहायची सोय असलेलं चाकांवरचं घर) घेतला, याआधी तंबूतसुद्धा कधी राहिला नाहीत, जूनअखेर आई-वडील पुण्याहून येतायत, आणि कधी कुठे जायचं, त्याआधी ट्रेलरचं काय काय करून घ्यायचं हे कळत नाही. आम्हीही डेट्रॉइटच्याच बाजूला, नोव्हायजवळ राहतो. आमचा ट्रेलर २१ फुटी, आणि हा सातवा हंगाम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे ट्रेलरचं वर्ष पाणी ठरवतं. रात्रीचं तापमान गोठणबिंदूखाली जायचं थांबलं की नळ्यांत पाणी भरायचं, पुन्हा जायला लागलं की काढायचं. या दोन तारखांच्या मधे जे दिवस उरतात तोच तुमचा हंगाम. आमच्या घरी याचं पंचांगच ठरून गेलंय. पाडव्याच्या सुमारास छत तपासायचं, अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे पाणी भरायचं, कोजागिरीचं दूध पिऊन झालं की नळ्या रिकाम्या करायच्या. तिथी पुढेमागे सरकतात, त्यामुळे शेवटी हवामानाचा अंदाज बघूनच ठरवायचं. पुढच्या दहा रात्रींत पारा ३२ फॅरेनहाइटच्या खाली जाणार नसेल तरच पाणी भरा.

नळ्या नीट रिकाम्या न केल्याची किंमत आम्ही दुसऱ्या वर्षी मोजली. आदल्या शरद ऋतूत मी स्वतः सगळ्या नळांतून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) सोडलं होतं, पण ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला जो छोटा शॉवर असतो, त्याचा डबा उघडायचाच राहिला. एप्रिलमध्ये टाकी भरून पंप लावला. पंप दाब तयार होईपर्यंत टर्रर्र वाजतो आणि मग गप्प बसतो. आमचा गप्प बसायचा, आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा टर्र करायचा. नळ एकही उघडा नव्हता. शेवटी बाकाखालचं सामान काढलं तर प्लायवूड ओलं लागलं. बाहेरच्या शॉवरच्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हला नखाएवढी चीर गेली होती आणि पाणी भिंतीच्या आतल्या बाजूने झिरपत होतं. व्हॉल्व्ह बदलायला अर्धा तास लागला, प्लायवूड वाळवायला पंखा लावून दोन आठवडे. तेव्हा टाकी भरलीत की पंप चालू ठेवा, सगळे नळ बंद करा आणि वीस मिनिटं शांत बसून ऐका. या वीस मिनिटांत जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशाने कळत नाही.

पण तुमचा ट्रेलर जुना आहे, त्यामुळे सगळ्यात आधी छत. याच शनिवारी शिडी लावा. जिथे जिथे छताला भोक आहे, म्हणजे एसी, व्हेंट, ड्रेनेजचा पाइप, अँटेना, आणि जिथे छत भिंतीला मिळतं, तिथलं सीलंट बोटाने चाचपून बघा. भेगा पडल्या असतील किंवा कडा सुटली असेल तर जुनं ढिलं सीलंट काढून, जागा पुसून, नवीन भरा. ते तुमच्या छताच्या प्रकाराला चालणारंच घ्या (रबर की फायबरग्लास ते मॅन्युअलमध्ये असतं). हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावू नका, त्याच्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. मग आत जा आणि चारही कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, कपाटांच्या आतल्या भिंतीवर अंगठ्याने दाबा. भिंत कडक लागली पाहिजे. कुठे पुठ्ठ्यासारखी मऊ लागली तर आत लाकूड कुजलंय, आणि मग सहलींच्या आधी दुरुस्तीचाच विचार करावा लागेल. इंजिन नसलेली ही गाडी इंजिनाने मरत नाही, छतातून आलेल्या पाण्याने मरते.

दुसरं, टायर. नक्षी छान दिसली म्हणून फसू नका. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो, टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर चारही बदलून टाका, हवा थंड टायरमध्येच मोजा, आणि चाक बसवल्यावर पहिल्या ५० मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. बऱ्याच ट्रेलर टायरना ६५ मैलांची वेगमर्यादा असते. आम्ही ६०च्या वर जात नाही.

वजनाचं गणित मात्र खरंच कागद घेऊन करा. विकणारा माणूस "तुमची गाडी ५,००० पौंड ओढते" एवढंच सांगतो. तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. सामानासकट ट्रेलर ४,५०० पौंडांचा धरला, तर त्याच्या १० ते १५ टक्के म्हणजे ४५० ते ६७५ पौंड तुमच्या हिचवर (गाडीमागे ट्रेलर जोडतात त्या जोडावर) येतात, आणि ते या आकड्यातून वजा होतात. समजा स्टिकरवर १,३०० आहे. ६०० हिचवर गेले, राहिले ७००. त्यात तुम्ही दोघं, आई-बाबा, मुलं आणि डिकीतल्या पिशव्या. कितीजणांचं इथेच अडतं! गणित बसत नसेल तर आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून न्या. आणि ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, हेही लक्षात ठेवा. मिशिगनच्या बहुतेक स्टेट पार्कांत साइटवर फक्त वीज असते. पाण्याची टाकी पार्कातल्या नळावर भरायची आणि निघताना डंप स्टेशनवर मैलापाणी सोडायचं, अशी पद्धत. म्हणजे हायवेवरून पाणी वाहून न्यायची गरजच पडत नाही.

टाकी पहिल्यांदा भराल तेव्हा निर्जंतुक करा. दर १५ गॅलन क्षमतेमागे पाव कप साधं, वास नसलेलं ब्लीच, ते पाण्यात कालवून टाकीत घाला, टाकी भरा, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी सगळं काढून दोनदा स्वच्छ पाणी फिरवा. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा पांढरा होज (लवचीक नळी) घ्या, बागेतला चालत नाही. थेट नळाला जोडायची वेळ आली तर मधे प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब मर्यादेत ठेवणारा) लावा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म उलटे करून तारीख बघा. ते पाच ते सात वर्षांत संपतात, आणि जुन्या ट्रेलरमध्ये बहुधा संपलेलेच असतात. यात काटकसर नको.

आता सहली. पहिली सहल मेच्या मध्यावर, एका रात्रीची आणि घरापासून तासाभरात. ब्रायटन किंवा हॉली रिक्रिएशन एरिया तुमच्यासाठी उत्तम. काही राहिलं तर घरी येऊन घेता येतं, आणि काहीतरी राहतंच. ट्रेलर मागे घेणं रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आधी शिकून जा. स्टिअरिंगच्या तळाशी हात ठेवायचा, ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा.

जुलैसाठी उशीर झालाय, पण आशा सोडू नका. स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे ४ जुलैची जागा ४ जानेवारीला सकाळी बसून घ्यावी लागते. तुम्ही ट्रेलर घेतलात मार्चमध्ये. तेव्हा रविवार ते गुरुवार असं शोधा आणि रद्द झालेल्या जागांवर रोज नजर ठेवा. आई-वडिलांना दिवसांचं बंधन नसतं, हा तुमचा मोठा फायदा. स्टेट पार्कात जायला गाडीच्या नंबरप्लेटवर रिक्रिएशन पासपोर्टही (पार्कांचा प्रवेशपरवाना) लागतो, तो नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबर घेतलात तर स्वस्त पडतो.

त्यांना कुठे न्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: पश्चिम किनारा. लडिंग्टन, नाहीतर स्लीपिंग बेअर ड्यून्समधलं प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंड. कारने चार तास, ट्रेलर मागे असेल तर साडेपाच धरा. लेक मिशिगनचा दुसरा काठ दिसत नाही, त्यामुळे माझे सासरे पाण्याशी गेले आणि हाताने चव घेऊन बघितली, खारट नाही याची खात्री करायला. रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. आई-बाबा जेवून वाळूत जाऊन बसतील आणि उठणार नाहीत. जुलैत ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास आंबट चेरी मिळते. सासूबाईंनी ट्रेलरच्या शेगडीवर तिचा गूळ घालून मेथांबा केला होता, आम्ही तो नोव्हेंबरपर्यंत पुरवून खाल्ला.

जूनमध्ये अपर पेनिन्सुला, म्हणजे मॅकिनॉ पुलापलीकडचा मिशिगनचा उत्तरेकडचा भाग, टाळा. डास आणि काळ्या चावऱ्या माशा नवख्या माणसाला नकोसं करतात. तिकडे सप्टेंबरअखेर जा, पानं रंगतात तेव्हा. टाक्वामेनन धबधबा बघा. सुमारे ५० फुटांवरून पडणारं ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कारण वरच्या दलदलीतल्या देवदारांचं टॅनिन त्यात उतरतं. जाताना मॅकिनॉ पूल लागेल. १९५७ साली खुला झालेला, जवळजवळ पाच मैलांचा. वारा जास्त असला की ट्रेलरवाल्यांना तिथले लोक थांबवतात आणि सोबतीने पलीकडे नेतात. त्या दिवशी तासभर हाताशी ठेवा. लाकूड मात्र घरून नेऊ नका, कॅम्पच्या जवळच विकत घ्या. ॲश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा २००२मध्ये डेट्रॉइटच्या भागातच सापडला आणि सरपणाबरोबर गावोगाव पोचला.

आपल्या स्वयंपाकाबद्दल थोडं. फोडणी बाहेर करा. आत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म ओरडतो आणि अख्खं कॅम्पग्राउंड जागं होतं. ३० अँपिअरच्या जोडणीत साधारण ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो. चहाची पत्ती, भाताची शितं सिंकमध्ये जाऊ देऊ नका, ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरचं सांडपाणी साठतं ती टाकी) कुजून वास सुटतो. ताटं आधी कागदाने पुसून घ्या. आणि आई-बाबांना पहिल्याच दिवशी नीट सांगा की टॉयलेटमध्ये पाणी भरपूर घालायचं. ब्लॅक टँकचा (टॉयलेटच्या मैल्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह डंप स्टेशनवर पोचेपर्यंत बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैला आत साचून सुकतो. रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो. रात्री उठणाऱ्यांसाठी दाराशी आणि टॉयलेटजवळ छोटा दिवा लावून ठेवा. ट्रेलरची पायरी उंच असते, तिथे धरायला दांडा नसेल तर आत्ताच बसवून घ्या. जुलैतही प्रत्येकाचा एक स्वेटर हवाच.

ऑक्टोबरात आवराआवर. वॉटर हीटर पूर्ण गार झाल्यावरच त्याचा प्लग काढा, गरम असताना उघडलात तर उकळतं पाणी अंगावर येईल. हीटरची टाकी पोलादी असेल तर प्लगबरोबर एक दांडी बाहेर येते. टाकीऐवजी तिने गंजायचं असतं, बरीच खाल्ली गेली असेल तर नवीन घ्या. मग हीटरचा बायपास (हीटरला वगळून द्रव पुढे नेणारा व्हॉल्व्ह) फिरवा, नाहीतर सहा गॅलन अँटीफ्रीझ त्यातच जाईल. खालचे ड्रेन उघडून नळ्या रिकाम्या करा, ड्रेन बंद करा, पंपाची नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये घाला. आरव्हीसाठीचं (अशा फिरत्या घरांसाठीचं) गुलाबीच घ्या, गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी असतं. दोन-तीन गॅलन पुरतं. एकेक नळ गुलाबी होईपर्यंत सोडायचा, गरम आणि गार दोन्ही, टॉयलेट फ्लश करायचं, प्रत्येक सिंक आणि शॉवरच्या जाळीत एक-एक कप ओतायचा. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून घरात ठेवा, उतरलेली बॅटरी गोठून फुटते. खालून पाइप आत येतात तिथल्या फटींत स्टील वूल कोंबा, उंदीर ते कुरतडत नाहीत. कामाला सुरुवात मी आता बाहेरच्या शॉवरपासूनच करते. त्याचा डबा उघडून ठेवते आणि तिथून गुलाबी आलं की मगच आतल्या नळांकडे वळते.